फासकी कोणाची

माझा भाऊ झावेलु आमच्या गावातला सर्वांत भित्रा माणूस होता. त्याची बदनामी करायची म्हणून सांगत नाही. त्याला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं, आणि सांगण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं असतं.

तो मधमाश्यांना भ्यायचा, विजांना भ्यायचा, वादळाच्या महिन्यांना भ्यायचा. शहरातून जीप आली की जीपला भ्यायचा आणि जीपमधून उतरणाऱ्यांच्या बुटांनाही. लहानपणी आई त्याला पाणी आणायला पाठवायची, तेव्हा खांद्यावर बांबूची नळी घेऊन तो ओढ्यापर्यंत मोठमोठ्याने गात जायचा. झाडीत जे काही असेल त्याला आपण येतोय हे आधीच कळावं आणि त्याने गुपचूप बाजूला व्हावं, एवढीच त्याची इच्छा. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, आणि द्वाड. मी वाटेत लपून बसायची आणि गाणं रंगात आलं की झुडूप हलवायची. नळी तिथेच टाकून तो घरापर्यंत धावत सुटायचा आणि मग पाणी मला आणावं लागायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. त्याच्यापाठी मीच होते.

पण या सगळ्या भीती वरवरच्या. खरी भीती एकच होती, आणि ती मला आई गेली त्या दिवशी कळली. तो नऊ वर्षांचा होता. गावाच्या वरच्या अंगाला आमच्या घराण्याची थडग्यांची जागा आहे. लाकडी छपराखाली एकीशेजारी एक पेट्या ठेवलेल्या. आईला तिथे ठेवून आम्ही उतरत होतो. त्याने माझ्या कमरेचं कापड घट्ट धरलं होतं.

"ताई, मी मेल्यावर मला इथंच ठेवतील ना? आईच्या शेजारी?"

मी म्हटलं, आधी मोठा तर हो. पण तो हलेना. "नाही, आधी सांग," म्हणाला. वाटेत सगळी माणसं खोळंबली, तेव्हा मी हो म्हटलं. पुढे चाळीशी ओलांडली तरी तो वर्षातून एकदोनदा हे मला विचारायचाच, आणि मी दर वेळी चिडून हो म्हणायची. आमच्यात माणूस गरीब असला तरी चालतो, बिनलग्नाचा चालतो, दारुडाही चालतो. घराण्याच्या थडग्यात ज्याला जागा नाही, तो मात्र कोणाचाच नाही. त्याला मेल्यावर कोणी हाक मारत नाही, आणि ज्याला हाक मारत नाहीत तो एकटाच अंधारात पडून राहतो.

मी लग्न होऊन नदीपलीकडे गेले, नवरा गेल्यावर मुलाला घेऊन परत माहेरी आले. मुलाचं नाव मारु, म्हणून सगळे मला मारुची आई म्हणतात. झारासुआ हे माझं नाव आता फक्त म्हाताऱ्यांच्या लक्षात आहे. झावेलुचंही लग्न झालं होतं. पण अंधार पडल्यावर बाहेर जायचं असलं की तो बायकोला सोबतीला उठवायचा. दोन वर्षं तिने सोबत केली आणि मग तिच्या आईकडे निघून गेली. मूलबाळ नाही, त्यामुळे त्याला कोणी अमक्याचा बाप म्हणालं नाही. तो पांढऱ्या केसांचा झाला तरी नुसता झावेलुच राहिला.

त्याला एकच काम चांगलं यायचं, तेही भीतीमुळेच. पहाट व्हायच्या आधी त्याला जाग यायची आणि तो कान टवकारून बसायचा. आमच्या गावाभोवती जंगलाच्या सात टेकड्या. उन्हं वर आली की एकेका टेकडीवरून बाबाकोटोंचं कुटुंब गायला लागतं. बाबाकोटो आमचे कोण, हे आमच्यात कोणी कोणाला शिकवत नाही. एक बाप आणि त्याचा मुलगा कोटो जंगलात गेले, झाडावर चढले आणि खाली आलेच नाहीत; तेव्हापासून ते आपल्या माणसांना हाका मारतात. काळंपांढरं अंग, माकडासारखे हातपाय, पण शेपूट नाही, बसले की तीन-चार वर्षांच्या मुलाएवढे दिसतात. आवाज मात्र असा की परक्या माणसाला वाटावं, डोंगरात कोणाच्या तरी घरी मयत झालंय.

त्यांना मारायचं नाही. सरळ बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच तर बोट दुमडून. आणि हत्यार घेऊन त्यांच्याजवळ जायचं नाही. बाबाकोटोवर भाला फेकला तर तो हवेतच झेलतो आणि परत फेकतो, आणि त्याचा नेम चुकत नाही. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गावची वनसमिती झाली, तेव्हा शहरातून आलेल्या बाईंनी विचारलं, रोज सकाळी किती टेकड्या गातात हे कोण मोजेल? सगळ्यांनी हसत झावेलुकडे पाहिलं. त्याला लिहिता येत नव्हतं. तो राफियाच्या, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानांच्या, दोरीला गाठी मारायचा. रोजची एक दोरी, गायलेल्या टेकडीची एक गाठ, आणि जी गायली नाही तिची जागा मोकळी. त्याच्या झोपडीत या दोऱ्यांचे झुबके लोंबायचे. पहिल्या वर्षीच्या दोऱ्यांना सात गाठी होत्या. मग पाच, मग चार. त्या बाई सांगायच्या, हे प्राणी जगात आमच्या बाजूच्या डोंगरांखेरीज कुठेही नाहीत, आणि पिंजऱ्यात ठेवले तर खाणं सोडून मरतात. त्या टेकड्या कोणी जाळल्या? आम्हीच. खोटं कशाला बोलू. भात पेरायला राख लागते आणि राखेला जंगल लागतं. पोट भरलेल्या माणसाने आम्हाला शहाणपण शिकवू नये, असं मी तेव्हा म्हणायची आणि आजही थोडंफार म्हणते.

आता माझं सांगते.

त्या वर्षी तिसऱ्या टेकडीच्या पायथ्याला माझं कसाव्याच्या कंदांचं शेत होतं. रानडुकरांनी सगळं उकरून टाकलं. घरात सून ओदेत सहा महिन्यांची पोटुशी होती, आणि तिची आधीची दोन पोटातच गेली होती. तिला दोन वेळा पोटभर घालायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. जंगलात फासकी लावायला समितीची बंदी होती. पण डुकरांना कोणी बंदी केली नव्हती. मारुच्या जुन्या मोटारसायकलच्या क्लचची तार मी काढली, शेताच्या वर जी लाल दरड आहे तिथे डुकरांच्या खुरांची वाट होती, त्या वाटेवर एक कोवळं झाड वाकवून फासकी लावली. कोणाला सांगितलं नाही.

त्या दरडीबद्दल झावेलुने मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. बाबाकोटो कधीकधी तिथे खाली उतरतात आणि दरडीची माती खातात, म्हणाला. मी हसले होते. एवढं जंगल पानांनी भरलेलं असताना माती खायला ते काय तुझ्यासारखे खुळे आहेत का, असं म्हणाले होते. मग मी ते विसरूनही गेले.

लिचीला नुकता रंग चढत होता. सकाळी मी भाताच्या खरपुडीचं पाणी उकळत होते, तेव्हा झावेलु आला. हातात दोरी होती आणि तिला दोनच गाठी होत्या.

"ताई, तिसरी टेकडी गात नाहीये. भुंकतेय."

मी म्हटलं, भुंकू दे. तो म्हणाला, असं ते जमिनीवरचं काही पाहून भुंकतात, पण इतका वेळ नाही. सूर्य उगवल्यापासून चाललंय. मी चुलीपुढून उठले. कोयता उचलला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कोयता माझ्या हातातून स्वतःकडे घेतला. काय झालंय हे त्याने विचारलं नाही. आयुष्यभर भिणाऱ्या माणसाला दुसऱ्याची भीती चटकन ओळखता येते.

चढणीवर जळवा पायांना चिकटत होत्या, पण काढायला कोण थांबतंय. जसजसे वर गेलो तसतसं ते भुंकणं मोठं होत गेलं. झावेलु पुढे आणि मी मागे, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. दरड दिसली आणि तो जागच्या जागी थांबला.

माझं झाड सरळ उभं राहिलं होतं. तारेत मनगट अडकून ती लोंबत होती. पाय जेमतेम जमिनीला टेकत होते. मादी होती. पाठीवर पिल्लू, मुठी आवळून चिकटलेलं. वर फांदीवर नर आणि एक अर्धवट वाढलेला, दोघेही आमच्याकडे बघून भुंकत होते. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. पिवळे डोळे.

"फासकी कोणाची गं?" झावेलुने हळूच विचारलं.

मी बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा ती मादी नव्हती, हे मला मान्य केलं पाहिजे. मला ओदेतचं पोट दिसत होतं आणि वरच्या अंगाचं लाकडी छप्पर दिसत होतं. ही मेली तर मी माझ्याच माणसाला मारलं. मग घराण्यात मला जागा नाही, आणि माझ्यापायी त्या पोटातल्या जिवाला काय भोगावं लागेल कोण जाणे.

झावेलुने एकदा कोयत्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तो मागे वळला आणि पन्नासेक पावलं खाली जाऊन कोयता पानांच्या ढिगाखाली ठेवून आला. मी त्याला अडवलं नाही. सांगितलं ना, हत्यार घेऊन त्यांच्याजवळ जायचं नाही. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. आम्ही दोघंही मोकळ्या हातांनी पुढे गेलो आणि तो पूर्वजांची क्षमा मागत झाड खाली वाकवायला लागला.

झाड आम्हाला वाकेना. चिखलात पाय सरकत होते. आम्ही ओढलं की ती घाबरून हिसके द्यायची, आणि तार आणखी आत जायची. हाडापर्यंत गेली होती. एकदा तिने माझ्या भावाच्या हाताला चावा घेतला. त्याने हात काढला नाही, रडत राहिला, पण काढला नाही. नर खालच्या फांदीपर्यंत आला होता. तेवढ्यात पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस, हातभर अंतरावरचंही दिसत नाही. किती वेळ आम्ही त्या झाडाशी झगडत होतो मला सांगता येणार नाही. तिचे हिसके हळूहळू कमी झाले.

मीच ओरडले, "कोयता आण."

तो पळत खाली गेला. आणि त्याला कोयता सापडेना. पावसाने सगळी पानं सारखी करून टाकली होती. तो ढीगच्या ढीग उपसत होता आणि मी वरून तिच्या कमरेला आधार देऊन उभी होते. तिचं अंग गरम होतं. पिल्लाचं नाक माझ्या दंडाला लागत होतं. माझ्या घरातलं लेकरूही मी इतकं घाबरत धरलं नव्हतं.

अखेर तो कोयता घेऊन आला. डोळे मिटलेले होते. बाबाकोटोजवळ हत्यार नेताना समोरून जे काही येणार आहे ते बघायला नको, म्हणून त्याने डोळे मिटले होते, आणि तसाच ठेचकाळत, मी "इकडे, इकडे" म्हणत होते त्या आवाजावर तो पुढे येत होता. झाडाच्या बुंध्याला हात लागल्यावर त्याने डोळे उघडले आणि एक घाव घातला. एकच. झाड आडवं झालं, तार सैल पडली. सकाळी आल्या आल्या तो एक घाव घातला असता तर ती तेव्हाच सुटली असती.

तिने तारेतून हात ओढून घेतला, एका हाताने शेजारच्या झाडाचा बुंधा धरला आणि चढली. पिल्लू पाठीवर होतं. झावेलु चिखलात बसून हसायला लागला. "मला मारलं नाही, ताई," म्हणाला. "कोयता होता हातात, तरी मारलं नाही." मी तार गुंडाळून कमरेला खोचली. आम्ही ठरवलं, कोणाला काही सांगायचं नाही.

तिसऱ्या दिवशी राफिया तोडायला गेलेल्या बायकांना ती झाडाखाली मेलेली सापडली. हात सडला होता. पिल्लू तिच्या छातीला चिकटून होतं, पण तेही त्याच दिवशी गेलं. झावेलु त्याआधीचे दोन दिवस त्याच झाडाखाली बसून होता, हे मला मागाहून कळलं. नर आणि ते अर्धवट वाढलेलं पोर कुठे निघून गेले कोण जाणे. तिसरी टेकडी गप्प झाली.

गावाने तिला माणसासारखं पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरलं. पण तिच्या मनगटाभोवतीचा तारेचा वण सगळ्यांनी पाहिला होता. मग घराण्याचे प्रमुख, लाल काठीवाले आजोबा, यांनी सगळ्यांना बोलावलं. ते आमच्या वतीने पूर्वजांशी बोलतात, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलणं म्हणजे पूर्वजांसमोर खोटं बोलणं. भर दुपारी चौकात सगळं गाव बसलं होतं आणि एकही पोर रडत नव्हतं. गावातल्या प्रत्येकाला वाटत होतं, आता आपल्याच घरावर काहीतरी कोसळणार. माझ्या शेजारी ओदेत बसली होती. तिने एका हाताने पोट धरलं होतं, दुसऱ्या हाताने माझा हात.

आजोबांनी काठी जमिनीवर टेकली. "फासकी कोणाची?"

मी सांगणार होते, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. तोंड उघडलंही होतं. पण ओदेतचा हात माझ्या हातात होता. दुसऱ्यांदा विचारलं तरी मी गप्प. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मागून आवाज आला.

"माझी."

सगळे मागे वळले. झावेलु उभा होता. पाय इतके कापत होते की शेजारच्याने त्याला धरलं. कोणी तरी फिसकन हसलं, कारण झावेलुने डुकरासाठी फासकी लावली यावर कोण विश्वास ठेवणार. तो डुकराचं नाव काढलं तरी दार लावायचा. आजोबांनी विचारलं, तुला याचा अर्थ कळतोय का? तो म्हणाला, कळतोय. त्याने चावलेला हात पुढे केला. तो सुजून काळानिळा झाला होता. मग कोणी हसलं नाही.

आजोबा वाईट माणूस नव्हेत. त्यांनी रीतीप्रमाणे सांगितलं: पूर्वजांच्या कामात याने यायचं नाही, सगळ्यांच्या पेल्याला तोंड लावायचं नाही, आणि मेल्यावर याला वरच्या अंगाला जागा नाही. ज्या टेकडीवर रक्त सांडलं तिथेच याला पुरायचं.

संध्याकाळच्या आत मी त्याच्या झोपडीत गेले. मी त्याला शिव्या दिल्या. तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला, उद्या जाऊन मी खरं सांगते, म्हणाले. तो दोऱ्यांचे झुबके झटकत होता. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुझ्या फासकीत ती अडकली, ताई. मेली ती माझ्या भीतीनं. कोयता मी ठेवून आलो."

मी म्हटलं, मीही तुला अडवलं नव्हतं. तो म्हणाला, "तुझ्यामागं मारु आहे, ओदेत आहे. माझ्यामागं कोण? राहू दे." मग म्हणाला, "ते मूल होऊन जाऊ दे आधी." आणि मी राहू दिलं. मूल होईपर्यंत म्हणून राहू दिलं, त्याला दात येईपर्यंत राहू दिलं, मग ते चालायला लागेपर्यंत, मग त्याचा ताप उतरेपर्यंत. सांगायला उशीर झाला की कारणांना तोटा नसतो.

नातू झाला, धडधाकट. फिदी नाव ठेवलं. झावेलुने त्याला कधी मांडीवर घेतलं नाही. पोराला आपलं काही लागू नये म्हणून तो कुंपणापलीकडे उभा राहून बघायचा आणि मी पोराला थोडं वर उचलून धरायची. समितीने मोजणीचं काम काढून घेतलं, तरी तो दोऱ्या बांधत राहिला. तिसऱ्या टेकडीची जागा रोज मोकळी सोडायचा. गावातली माणसं त्याला टाळायची, बायका वाट बदलायच्या. गंमत म्हणजे पूर्वी ज्याला ते भित्रा म्हणून हसायचे, त्यालाच आता सगळे भ्यायला लागले.

सात वर्षं तो असा जगला. आठव्या वर्षी पावसाळ्यात खोकल्याने आडवा झाला. शेवटच्या दुपारी मी जवळ बसले होते. पाऊस छपरावर वाजत होता. वर्षातून एकदोनदा विचारायचा तो प्रश्न त्याने त्या सात वर्षांत एकदाही विचारला नव्हता. त्या दिवशी दुसरंच विचारलं.

"ताई, तिथं फार अंधार असेल का गं?"

मी म्हटलं, नाही रे, आणि सकाळी तुला गाणी ऐकू येतील. अगदी जवळून.

तो म्हणाला, "तिसरी कुठं गाते आता." एवढंच. मरणाऱ्या माणसालाही मला धड खोटं सांगता आलं नाही. चौघाजणांनी त्याला तिसऱ्या टेकडीवर नेलं आणि पाऊस थांबायच्या आत परत आले. कोणी भाषण केलं नाही, कोणी त्याचं नाव घेतलं नाही. मी तिथेही गप्प राहिले. नातू सात वर्षांचाच तर आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

याला चार वर्षं झाली. यंदा भात कापून झाल्यावर घराण्याने पूर्वजांसाठी बळी द्यायला बैल आणला. वरच्या अंगाचं छप्पर नवं केलं, गवत काढलं. सकाळी मारु मला हात धरून वर घेऊन गेला. आईच्या पेटीशेजारची रिकामी जागा त्याने स्वतः झाडून काढली होती, वर नवी चटई घातली होती. मोठा खूश होता.

"बघ आई, ही तुझी जागा. आजीच्या शेजारी. काठीवाल्या आजोबांना विचारून घेतलीय."

मी त्या चटईकडे पाहत उभी राहिले. माझ्या कमरेचं कापड कोणी तरी ओढल्यासारखं मला वाटलं. मागे कोणी नव्हतं.

मग सगळे जमले. लाल काठीवाल्या आजोबांना आता डोळ्यांनी दिसत नाही, पण घराण्यातलं एकेक नाव त्यांना पाठ आहे. ते हाका मारायला लागले. पणजोबा, त्यांचे भाऊ, आजी, माझे वडील, माझी आई. आईच्या नावानंतर ते श्वास घ्यायला थांबले आणि पुढच्या घरातल्या माणसांकडे वळले. अकरा वर्षांपूर्वी चौकात भ्याले होते तशीच मी आताही भ्याले होते, त्याहून जास्तच. तरी मी उठले.

"आजोबा, थांबा. फासकी माझी होती."

कोणाला काही कळेना. मारु माझा हात ओढून मला खाली बसवायला लागला; म्हातारीला ऊन लागलंय, असं म्हणाला. मी त्याचा हात झटकला. तार कुठून काढली, झाड कुठलं वाकवलं, कोयता कुठे ठेवला, पाऊस कधी आला, सगळं सांगितलं. झावेलु डोळे मिटून कोयता घेऊन कसा आला तेही सांगितलं. ओदेत रडत होती. सांगून झाल्यावर बैलाचं हंबरणं तेवढं ऐकू येत होतं.

आजोबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग आता काय म्हणतेस, मारुची आई?"

"त्याला इथं आणा. ही जागा त्याची आहे. मी त्याला हो म्हटलं होतं."

"आणि तू कुठं जाशील?"

मी म्हटलं, त्याचा खड्डा रिकामा होईलच.

आजोबांनी तोंड वर केलं आणि माझ्या भावाला हाक मारली. पूर्ण नावाने, तीन वेळा. त्याच आठवड्यात मारुने आणि फिदीच्या मामांनी तिसऱ्या टेकडीवरून त्याची हाडं आणली, नव्या चटईत गुंडाळली आणि आईच्या शेजारी ठेवली. मी लांबून पाहिलं. सगळ्यांच्या पेल्याला आता माझं तोंड लागत नाही आणि वरच्या अंगाला मी जात नाही. मारु महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण माझ्याकडे न बघता.

सकाळच्या दोऱ्या आता मी बांधते. यंदा तीन गाठी पडतात, कधी दोन. तिसऱ्या टेकडीची जागा मोकळी सोडते. तिथे तो खड्डा आहे, अर्धा बुजवलेला. बाकीचा माझ्यासाठी तसाच ठेवलाय. मी दिवसाउजेडी जाऊन एकदा बघून आले. झाडी दाट आहे, भर दुपारीही अंधार असतो, आणि कसलाही आवाज नाही. मला भीती वाटते. झोपताना वाटते, उठताना वाटते, झाडाचं पान हललं तरी वाटते. परवा पाणी आणायला ओढ्यावर निघाले होते. निम्म्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मी मोठमोठ्याने गातेय.